दहा मिनिटांत 'हो' म्हटलं नाही तर…

"चार फूट उंच आणि दोन फूट रुंद. एवढ्याला पुरेल असा हार द्या."

खंडेनवमीची सकाळ, पंचवटीतला फुलबाजार, आणि माझ्यासमोर निळ्या शर्टातला एक मुलगा दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढून दाखवत होता. माझ्या एका कानात इअरफोन, दुसऱ्या कानात बाजाराचा गलका. पायाशी झेंडूने भरलेली प्लास्टिकची कॅरेटं, वर भरून आलेलं आभाळ. परतीचा पाऊस आला तर फुलं काळी पडणार, या काळजीत मी पहाटेपासून होते. खरं तर पाऊस हे निमित्त. आई म्हणते, या पोरीला पाऊस आला तर आल्याची काळजी आणि नाही आला तर न आल्याची.

"गाडीला हवाय का?" मी विचारलं. खंडेनवमीला गाड्या, यंत्रं, विळे-कोयते सगळ्यांची पूजा होते. त्यामुळे मापं कसलीही येतात.

"नाही… रॅक आहे. लोखंडी कपाट म्हणा. त्यात राऊटर असतात. इंटरनेटचे." मला समजावं म्हणून तो अगदी हळूहळू बोलत होता. "म्हणजे बघा, घरोघरी नेट जातं ना—"

"हार पुढून घालू नका," मी म्हटलं. "ते पुढून हवा ओढतात. पाकळ्या पंख्यात जातील. वरच्या पट्टीला बांधा आणि बाजूने सोडा. आणि पाणी शिंपडू नका."

त्याचे हवेतले हात तिथेच राहिले.

"तुम्ही…"

तेवढ्यात कुणाचा तरी धक्का लागून माझा इअरफोन मोबाइलमधून निघाला. आमच्या सरांचा आवाज भर बाजारात घुमला. आधी खोकला, मग "क्लियर?", मग पुन्हा खोकला.

तो खळखळून हसला. "खोकणारे सर! तुम्हीपण त्यांचेच व्हिडिओ बघता? कुठपर्यंत आलात?"

"बीजीपीचा दुसरा भाग. तीनदा बघून झाला."

"काय सांगता! मीपण तिथंच अडकलोय. ते मधेच म्हणतात ना, हे तर तुम्हाला माहीतच आहे…"

"आणि नेमकं तेच आपल्याला माहीत नसतं."

आम्ही दोघं हसलो. मग मी घाईघाईने हार निवडायला खाली वाकले, कारण कान गरम झाल्यासारखे वाटत होते. बीजीपी म्हणजे इंटरनेटवरच्या मोठमोठ्या कंपन्यांच्या जाळ्यांची आपसात बोलायची रीत. अमुक पत्ता गाठायचा तर माझ्याकडून या, तमुक गाठायचा तर त्याच्याकडून जा, असं ती एकमेकांना सांगत असतात. नाशिकच्या फुलबाजारात या विषयावर हसणारं दुसरं माणूस भेटेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

सुटी फुलं जास्त झाली म्हणून मी त्याला कॅरेटच दिलं. "परत आणून द्या हं," मी बजावलं.

"देणारच," तो म्हणाला. "उलट बरं झालं."

काय बरं झालं, ते विचारायच्या आत तो गर्दीत गेलाही होता.

* * *

आमच्या प्रत्येक कॅरेटवर बाबांचं नाव, गाव मखमलाबाद आणि माझा नंबर रंगवलेला असतो. दसऱ्याच्या दुपारी फोन आला.

"कॅरेटवाल्या मॅडम ना? मी शेखर. हाराचा…" आवाज पार पडला होता. "पाकळ्या पंख्यात गेल्या."

"पुढून घातलात?"

"मी नाही हो. काकांनी. म्हणाले, यंत्राची पूजा करायची आणि त्याचं तोंड मोकळं ठेवायचं, हे कुठलं शास्त्र? अर्धं इंदिरानगर बंद पडलं होतं. ऐन दसऱ्याला. मी सकाळपासून टूथब्रशने पाकळ्या काढतोय. तुम्ही एकदा येऊन बघाल का? आणि… कॅरेटपण द्यायचंय."

मी ओढणी घेऊन निघाले तेव्हा आईने भाकरी थापता थापता विचारलं, "कुठं चालली गं?"

"इंदिरानगरला. कॅरेट आणायला."

"कॅरेट द्यायला मानूस येतो, का आपण आणायला जातो?" आई तव्याकडेच बघत म्हणाली. "जा, जा. मी कुठं काय म्हणते?"

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी योगिनी. चार वर्षांपूर्वी पुण्यात नेटवर्क इंजिनिअर होते, आणि बरी होते. मग बाबांच्या पाठीचं ऑपरेशन झालं, शेत बघायला कुणी नव्हतं, म्हणून थोड्या दिवसांसाठी आले आणि झेंडूतच राहिले. आता बाबा पुन्हा वाफ्यातून फिरतात आणि रोज म्हणतात, "आता जा बाई तू तुझ्या कामाला. आमचं काय आडलंय?" पण हात विसरले होते. उन्हाळ्यात एका कंपनीत मुलाखतीला गेले. समोर तिघं बसले होते. एक अगदी साधा प्रश्न आला. उत्तर माहीत होतं, जिभेवर होतं… आणि ते तिघं माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "एक मिनिट." ते मिनिट काही संपलंच नाही. शेवटी त्यांनीच थँक यू म्हटलं.

आता दिवाळीच्या तोंडावर अंबडच्या एका कंपनीत प्रत्यक्ष परीक्षा होती. मोडलेलं नेटवर्क समोर ठेवणार आणि त्यांच्यादेखत दुरुस्त करायला सांगणार. हे जमलं नाही तर पुन्हा कुठे अर्ज करायचा नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. रोज रात्री तेच आठवायचं आणि मी उठून बसायचे.

हे सगळं मी शेखरला पहिल्याच दिवशी सांगून बसले. का, ते कळलं नाही. तो ब्रशने पंखा साफ करत शांतपणे ऐकत होता, एवढंच.

"मग इथंच करा ना सराव," तो म्हणाला. "वर खोलीत तीन जुने राऊटर आहेत. आवाज करतात, पण चालतात."

"आणि त्याच्या बदल्यात?"

त्याने ब्रश खाली ठेवला. "मला भीती वाटते हो, मॅडम."

खंडेराव काकांचा धंदा मूळचा केबल टीव्हीचा. नंतर त्यात इंटरनेट आलं. आजवर ते एकाच मोठ्या कंपनीची लाइन घेऊन घरोघरी पोचवत होते. ती लाइन बंद पडली की सगळं बंद. म्हणून आता दुसऱ्या कंपनीचीही लाइन घेतली होती. एक गेली तर दुसरी चालेल. पण दोन्ही जोडायच्या तर बीजीपी नीट यायला हवं, आणि ते काम शेखरच्या गळ्यात होतं. दुसरी लाइन येऊन पडली होती, आणि रोज सकाळी उठून तो ते काम उद्यावर ढकलत होता.

"चुकलो तर सगळी घरं एकदम अंधारात," तो म्हणाला. "म्हणजे अंधारात नाही… पण हल्ली तेच झालंय."

मला त्या क्षणी तो आवडला. स्वतःची भीती एवढी सरळ सांगणारा मुलगा मी पहिल्यांदाच पाहत होते.

* * *

मग रोज दुपारी, फुलं तोडून झाली की, मी स्कूटी काढायची.

इंटरनेटवर इंटरनेट शिकवणारे ढिगाने आहेत. त्यातले निम्मे पहिली दहा मिनिटं स्वतःबद्दल बोलतात, उरलेल्यांतले निम्मे कोर्स विकतात. आम्ही सगळं चाळलं. खोकणारे सर विषय उत्तम समजावायचे, पण खोकल्यामुळे नेमका महत्त्वाचा शब्द जायचा. शेखरने रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांतून एक उशीएवढं इंग्रजी पुस्तक आणलं. ते दहा वर्षांपूर्वीचं होतं, पण मुळातलं काही बदललेलं नव्हतं. प्रोटोकॉलचे, म्हणजे राऊटरांच्या बोलण्याच्या नियमांचे, मूळ कागद आम्ही मोठ्याने वाचायचो. एकाला झोप लागली की दुसऱ्याने चहा सांगायचा, असा करार होता. लॅपटॉपवर खोटे राऊटर तयार करायचं एक फुकटचं सॉफ्टवेअरही होतं. तिथे मनसोक्त चुका करता यायच्या.

आणि माझं सगळ्यात आवडतं म्हणजे लुकिंग ग्लास. मोठ्या कंपन्यांची ही पानं कुणालाही उघडता येतात. आपला पत्ता टाकायचा, की जगाच्या दुसऱ्या टोकाचा राऊटर सांगतो, तुमच्याकडे यायची वाट मला अशी दिसते. आम्ही ब्राझीलमधून इंदिरानगर बघितलं. यायला एकच वाट होती.

"बिचारं," शेखर म्हणाला. "सगळ्या जगाशी एकाच ओळखीवर."

"दोन होतील की," मी म्हटलं.

"दोन झाल्या तर मला आवडेल." हे तो स्क्रीनकडे न बघता म्हणाला. मी घाईने पान बंद केलं.

काकांना समजावताना आम्ही त्या कामातला मोठा धोकाही सांगितला. दोन कंपन्यांना जोडणाऱ्या लहान माणसाने कडक नियम घातले नाहीत, तर तो चुकून एका कंपनीला सांगून बसतो की दुसरीकडे जायचं तर माझ्याकडून जा. "म्हणजे काका," शेखर म्हणाला, "आपल्या गल्लीने बोर्ड लावायचा, मुंबईला जाणाऱ्यांनी इकडून या. सगळे ट्रक हायवे सोडून आपल्या गल्लीत."

काका घाबरले. "मग नको ना बाबा लावू बोर्ड!"

एकटी असले की माझे हात झरझर चालायचे. चार वर्षांची धूळ उडत होती. मग एके दिवशी शेखरने मुद्दाम राऊटरमध्ये बिघाड केला, समोर खुर्ची घेऊन बसला आणि म्हणाला, "मी परीक्षक. करा सुरू."

मी त्याच्याकडे बघितलं आणि सगळं गेलं. बोटं कीबोर्डवर, मन उन्हाळ्यातल्या त्या खोलीत. "एक मिनिट," मी म्हटलं, आणि तो शब्द कानावर पडताच मला रडूच आलं.

समजूत नाही, धीर नाही. शेखरने आपली फिरती खुर्ची वळवली आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

"आता?"

मला त्याच्या डोक्याची मागची बाजू दिसत होती. एक केस उभा राहिलेला. मी डोळे पुसले आणि बिघाड शोधून काढला.

दुसऱ्या दिवशी त्याने खुर्ची किंचित इकडे वळवली. एक कान दिसला. तिसऱ्या दिवशी गाल. एकदा अर्धा चेहरा झाला तेव्हा मी अडखळले, तर तो निमूटपणे पुन्हा कानापर्यंत गेला. रोज थोडं थोडं. मी येताना जिन्यातच विचार करायचे, आज कुठवर? बिघाड कोणता असेल याची काळजी असायचीच, पण तिच्या शेजारी आता ही दुसरी धडधड येऊन बसली होती.

"आज नाकापर्यंत," तो एकदा म्हणाला. "चालेल?"

"नाक मोठं आहे. दोन दिवस धरावे लागतील."

ज्या दिवशी खुर्ची पूर्ण माझ्याकडे वळली, त्या दिवशी बाहेर परतीचा पाऊस कोसळत होता आणि शेखर हनुवटीखाली हात घेऊन माझ्याकडे बघत होता. मी शेवटची आज्ञा टाइप केली, नेटवर्क उभं राहिलं, आणि मग मी वर बघितलं. कुणीच नजर काढली नाही. शेतातल्या झेंडूची त्या वेळी मला आठवणही झाली नाही, आणि नंतर त्याचीच काळजी वाटली.

* * *

माझ्या पुण्याच्या पहिल्या बॉस, मनीषा मॅडम, एक नियम शिकवून गेल्या होत्या. दूरच्या राऊटरवर काही धोक्याचं बदलायचं असेल तर आधी परतीचं तिकीट काढायचं. म्हणजे राऊटरला सांगून ठेवायचं, हा बदल करते आहे, पण दहा मिनिटांत मी पुन्हा 'हो' म्हटलं नाही, तर तू आपोआप जसा होतास तसा हो. कारण आपल्या चुकीने आपलाच रस्ता तुटला, तर ती सुधारायला परत जाता येत नाही. शेखरला मी हा नियम सांगितला.

"हे माणसांनाही पाहिजे होतं," तो म्हणाला.

दुसरी लाइन जोडायचा दिवस शेवटी ठरला. वेळ पहाटेची. लोक उठायच्या आत काम व्हायला हवं होतं, आणि फुलांमुळे पहाटे उठायची मला सवयच होती. राऊटर होता नाशिकच्याच द्वारका चौकात, मोठ्या कंपनीच्या इमारतीत, आणि आम्ही इंदिरानगरच्या खोलीत.

"तुम्ही करा," शेखर म्हणाला. "मी समोर बसतो. परीक्षेच्या आधीची खरी परीक्षा."

मी गल्लीत ट्रक येऊ नयेत म्हणून सगळे नियम घातले. पुन्हा तपासले. शेवटी राऊटरच्या दारावर कुणाला आत सोडायचं तेवढं सांगायचं होतं. नव्या कंपनीचा पत्ता लिहिला, बदल लागू केला…

स्क्रीन गोठली.

"काय झालं?"

मला लगेच कळलं. नवा पत्ता लिहिताना जुने गळले होते. जुन्या कंपनीचा, आणि खुद्द आमचाही. मी आमच्याच घराचं दार आतून लावून आम्हाला बाहेर उभं केलं होतं. दीडएक मिनिटात जुन्या कंपनीशी बोलणंही तुटलं. भिंतीवरच्या फळीवर गल्लोगल्लीचं नेट दाखवणारे हिरवे दिवे एकेक करून लाल झाले.

शेखरने गाडीची किल्ली उचलली. "द्वारकेला जातो."

"जाईपर्यंत दहा मिनिटं होतील. बसा. मी परतीचं तिकीट काढलंय." आणि मग मी गोठलेल्या स्क्रीनकडे बघितलं. "काढलं ना? त्या आज्ञेत दहा मिनिटांचं लिहिलं होतं ना मी? तुम्ही बघत होतात ना!"

"मी…" शेखर अडखळला. "मी स्क्रीनकडे बघत नव्हतो."

"मग कुठे बघत होतात?"

तेवढ्यात फोन वाजला. त्याने स्पीकरवर घेतला.

"आरे शेखर," पलीकडून कुसाबाई बोलत होत्या. चाळीतल्या म्हाताऱ्या आजी. "काकड आरती आडकली रे! देव नुस्ता गोल गोल फिरायला लागलाय."

"आजी, दहा मिनिटं. येतोय देव."

फोन ठेवल्यावर खोलीत पंख्यांची घरघर तेवढी उरली. करण्यासारखं काहीही नव्हतं. मी नखं खात होते. तिकीट काढलं नसेल तर? इंदिरानगर उठेल, काका वर येतील, परवा अंबडला माझे हात पुन्हा तसेच…

"योगिनी."

त्याने पहिल्यांदाच नावाने हाक मारली.

"वेळ चुकीची आहे, माहितीये मला. पण दुसरं काही करताही येत नाहीये. तुमच्याच नियमाने एक बोलतो." तो खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसला होता. "मला तुम्ही आवडता. पुढून हार घालू नका म्हणालात ना, तेव्हापासून. दहा मिनिटं. त्यात 'हो' म्हणालात तर… काही बोलला नाहीत, तर मी बोललोच नव्हतो असं समजायचं. सगळं जसं होतं तसं. तुम्हाला नाही म्हणायचा त्रासही नको."

'हो' ओठांवरच होता, खरंच होता. पण मी ती मीच! परवा परीक्षेत नापास झाले तर याला काय वाटेल? आई काय म्हणेल, काका काय म्हणतील? आणि हा असा माझ्याकडे बघत असताना एवढा एक शब्द कसा म्हणतात? मी तोंड उघडलं…

फळीवरचा एक दिवा हिरवा झाला. मग दुसरा.

"आला!" मी किंचाळले. तिकीट काढलं होतं! मी कीबोर्डवर झडप घातली. पुन्हा सगळं लिहिलं, या वेळी तिन्ही पत्ते, शेखरने एकेक मोठ्याने वाचला, मी पुन्हा दहा मिनिटांचं तिकीट काढून बदल लागू केला, दोन्ही कंपन्यांशी बोलणं सुरू झालेलं डोळ्यांनी पाहिलं आणि मग राऊटरला 'हो' म्हटलं. लुकिंग ग्लास उघडलं. ब्राझीलमधून इंदिरानगरकडे यायच्या वाटेवर आता नव्या कंपनीचं नाव होतं. दुसऱ्या एका देशातून अजून जुन्याच वाटेने दिसत होतं. दोन वाटा! कुसाबाईंचा फोन आला की देव चालू झाला.

"शेखर, बघा ना, दोन—"

मी वळले. तो उठून खिडकीपाशी उभा होता. बाहेर उजाडलं होतं.

"अभिनंदन, मॅडम," तो हसून म्हणाला.

मॅडम. मी घड्याळाकडे बघितलं. त्याची दहा मिनिटं केव्हाच संपली होती.

मी काही बोलणार, तोच काका पेढे घेऊन वर आले, त्यांच्यामागे काकू आल्या, आणि शेखर अगदी आधीसारखा वागू लागला. चहा दिला, थट्टा केली, इतके दिवस राहिलेलं कॅरेट खाली आणून दिलं. नियम पाळावा तर यानेच. मला वाईट वाटत होतं आणि त्याचा रागही येत होता. राऊटरला मी दोनदा तिकीट काढून दिलं, आणि याला एकदा उत्तर देणं मला जमलं नाही.

* * *

परीक्षेच्या सकाळी त्याचा निरोप आला. "शुभेच्छा, मॅडम." मी तो शब्द परत परत वाचला. आईने माझ्याकडे बघून हातात साखर ठेवली आणि म्हणाली, "लय विचार नको करू. झेंडू काय विचार करून उगवतो का?"

अंबडच्या त्या खोलीत तिघंच होते. पुन्हा तिघं. मधल्याने चष्मा सरळ केला आणि माझ्याकडे बघू लागला. मी मनातल्या मनात त्याची खुर्ची भिंतीकडे वळवली. मग कान. मग गाल. मग नाक, दोन दिवसांचं. ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि बोटं चालू लागली. बिघाड सापडला. बदल करायच्या आधी मी परतीचं तिकीट काढलं.

"हा वेळ कशाला घालवता?" त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं. "तुम्हाला खात्री नाही का?"

"खात्री आहे," मी म्हटलं. "पण मी चुकू शकते."

त्यांनी एकमेकांकडे बघितलं. थोड्या वेळाने मला बाहेर बसवलं, पुन्हा आत बोलावलं आणि सांगितलं, दिवाळी झाली की कामावर या.

मी बाहेर आले, आईला फोन केला, बाबा पलीकडून ओरडलेले ऐकले, स्वतः थोडी रडले. आणि तरी काळजी जिथल्या तिथे! तेव्हा मला कळलं की आता ती परीक्षेची राहिलेलीच नाही.

घरी जाऊन लक्ष्मीपूजनासाठी तोडलेल्या झेंडूचं एक कॅरेट स्कूटीवर बांधलं. आईने कुठे चाललीस, असं विचारलंही नाही. वाटेत पाऊस लागला, थांबले नाही. कॅरेट खाली काकांकडे दिलं आणि भिजलेल्या चपला हातात घेऊन जिना चढले.

शेखर खुर्चीत होता. खुर्ची भिंतीकडे तोंड करून.

"कोण बघतंय म्हणून असं बसलाय?" मी विचारलं.

"सवय लागली," तो न वळता म्हणाला. "परीक्षा?"

"झाली. नोकरी लागली."

"मला माहीत होतं!" तो वळू लागला, पण मी पोचले होते. खुर्चीची पाठ धरून मीच ती फिरवली, पूर्ण, माझ्यासमोर येईपर्यंत. चाकं करकरली. एवढ्या जवळून तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"आता मी बोलते. मधे बोलू नकोस. त्या दिवशी माझा हो तुझ्या दहा मिनिटांत आला नाही. राऊटर आधी आला. तो नसता आला ना… नाही, तो यायलाच हवा होता, कुसाबाईंची आरती होती. पण हो होता. तेव्हाही होता. मला तू आवडतोस, शेखर. कान दिसला त्या दिवसापासून."

तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "किती मिनिटं आहेत मला?"

"वेळ लावलेली नाही."

"म्हणजे?"

"परतीचं तिकीट काढलेलं नाही. आता जसं होतं तसं होणार नाही. तू नाही म्हणालास तरी."

"तू? तिकीट न काढता?" त्याचे डोळे मोठे झाले. "भीती नाही वाटली?"

"खूप वाटतेय. हे बघ." मी हात पुढे केले. ते थरथरत होते, पावसाने गार आणि झेंडूने पिवळे झालेले. शेखरने दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि घट्ट धरून ठेवले.

"हो," तो म्हणाला. "हो. हो."

खालून काकांचा आवाज आला. "शेखर! अरे, पोरीने फुलं किती छान आणलीत! हार पुढूनच घालतो रे!"

आम्ही दोघं एकदम ओरडलो, "बाजूने!"